आधी आपलं ताट

हौसाबाई लाल भोपळा कापायच्या नाहीत, त्याचा मुडदा पाडायच्या. इंदिरानगरमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाखाली त्या पोतं अंथरून बसत. भोपळा दोन पावलांच्या मध्ये पकडायचा, कोयता डोक्याच्या वर न्यायचा आणि "हं!" असा हुंकार देऊन एका घावात दोन शकलं. बिया उडून समोरच्यांच्या साड्यांवर पडायच्या. नवी गिऱ्हाइकं दोन पावलं मागे सरायची. जुनी आधीच लांब उभी असायची.

बोलणंही तसंच. "मेथी घ्या मॅडम, पहाटं मुंडी मुरगाळून आनलीय." "गिलकं, तुमचं घोसाळं वो, नुसतं परता, तेलात बुडवून पुन्यांदा मारू नका त्याला." एकदा एका तरुण मुलीनं विचारलं, "मावशी, ही भाजी ऑर्गॅनिक आहे का?" हौसाबाईंनी पालकाचं पान उलटं करून तिच्या नाकासमोर धरलं. "ही बघ आळी. जित्ती हाय. तिनं खाल्लं, तिला कायी झालं नाय. तुलाबी व्हनार नाय."

साठीच्या आसपास वय, अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र दोन माणसांचा. सायखेड्याजवळ नदीकाठी त्यांचं अर्ध्या एकराचं भाजीचं रान होतं. सकाळी टेम्पोनं यायच्या, दुपारी परतायच्या. नाक डावीकडे वाकलेलं होतं, जणू ते सतत कुणाच्या तरी पावलांची चाहूल घेत होतं. डावं मनगटही किंचित तिरपं होतं. ते तसं का, हे मी कित्येक वर्षं विचारलं नाही.

इरा, तू मागच्या महिन्यात व्हिडिओवर विचारलंस, "आजी, तू एवढी बारीक कशी झालीस? कुठलं डाएट केलंस?" मी "भाजी-भाकरी" एवढंच सांगून विषय बदलला. खरं उत्तर लांब आहे आणि त्यात मारामारी आहे. तू आणि नील आता मोठे झाला आहात, म्हणून लिहून पाठवते. आजोबांनी वाचलं आहे, त्यांची हरकत नाही.

हे सगळं सुरू झालं त्या वर्षी माझं वजन ब्याऐंशी किलो होतं. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आधी दहा किलो उतरवा, मग पुढचं बघू." मी आहारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी छापील तक्ता दिला: ओट्स, उकडलेलं अंडं, दोन अक्रोड, किन्वा नावाचं एक धान्य. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, नोंद केल्याशिवाय मला चैन पडत नाही. फ्रिजवर तक्ता, शेजारी वही, दर सोमवारी वजन. दोन महिन्यांत अर्धा किलो उतरलं.

मला उकिडवं बसून भाजी निवडता येत नसे, म्हणून हौसाबाईंनी माझ्यासाठी एक क्रेट पालथा घालून ठेवला होता. त्यावर बसून मी एकदा रडगाणं गायले. त्या म्हणाल्या, "काय खाता?" मी वही काढून वाचून दाखवली. कोयत्याच्या मुठीवर हनुवटी टेकून त्यांनी सगळं ऐकलं.

"एवढ्यावर तर मानूस वाळंल. तुमी कशा फुगल्या?"

"तेच कळत नाही."

"जेवता कव्हा?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"आन् मंग?"

"मग काय, झाकपाक. आवराआवर."

"आवरता म्हंजी काय करता? एकेक सांगा."

मी सांगू लागले. मूठभर भात उरतो, त्यासाठी वेगळा डबा कुठे काढायचा. अर्धी पोळी असते. आजोबा ताटात बटाट्याच्या फोडी ठेवतात. आमटीच्या पातेल्याचा तळ असतो. अन्न टाकवत नाही.

"हे वहीत हाय का?"

नव्हतं. दोन महिने मी अक्रोडसुद्धा मोजून लिहिला होता, आणि हे एकदाही लिहिलं नव्हतं. कारण माझ्या लेखी ते खाणं नव्हतंच. ते आवरणं होतं. ओटा पुसावा तसं.

हौसाबाईंनी माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर कोयता पोत्यात रोवला. "म्हंजी तुमी जेवतच नाय, मॅडम. तुमी खरकट्याची बादली हाय."

मला इतका राग आला की मी भाजी न घेता घरी आले. त्या दुपारी आवरताना तोंडात जाणारं सगळं आधी एका ताटलीत काढून पाहिलं. ते एक पूर्ण जेवण होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा क्रेटवर जाऊन बसले. माझा राग त्यांना दिसला असावा, पण त्यांनी त्याची दखल घेतली नाही. सरळ सांगायला लागल्या. "आधी आपलं ताट काढायचं. एक भाकर, बाजरीची न्हायतर ज्वारीची. वाटीभर पालेभाजी, चमचाभर तेलातली. वाटीभर वरन. कांदा, काकडी, मुळा, घावंल ते. वर ताक. झाकून ठिवायचं, मंग घरादाराला वाढायचं. उरलं तर गाय हाय, कुत्रं हाय, उद्याची फोडनी हाय. तुमचं पोट त्या रांगेत नाय."

ऐकायला किती सोपं. पण चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी स्वतःचं ताट आधी काढलं नव्हतं. पहिल्या दिवशी आजोबा म्हणाले, "आज महाराणींचं आधी?" मी "हो" म्हटलं. घरातल्या घरात आपण चोरी करतो आहोत असं वाटत होतं. पण ते झाकलेलं ताट खाल्ल्यावर दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, हे जमू लागलं. सकाळचं चालणंही होतंच. दिवाळीपर्यंत नऊ किलो उतरले.

हौसाबाईंना पेढे द्यायला गेले, तर म्हणाल्या, "पेढं कशाला? सोताला मारायचं बंद केलं, तेवढं बास."

हा नियम त्यांना कुठे मिळाला, ते त्यांनी आमच्या ओसरीत सांगितलं. भाजी लवकर संपली की त्या पाणी प्यायला यायच्या आणि मी न सांगता माझे मटार सोलायला घ्यायच्या. शेंगेचं पोट अंगठ्यानं फाडायचं आणि दाणे उपसायचे. त्या दिवशी शेंगा फाडता फाडता, मान वर न करता त्या बोलत होत्या.

"पयलं बाळतपन होऊन दीड म्हयना झालता. अंगावर पाजीत व्हते. सकाळधरनं कांदं निंदले. घरी आले तं डोळ्यापुढं अंधारी. एक भाकर घेतली आन् चुलीपुढं बसले. दोन घास खाल्ले आसतील. हे आले. 'गड्याच्या आधी गिळती?' म्हनले. पितळंचं ताट उचललं आन् कडंनं तोंडावर घातलं. नाकाचं रगत भाकरीवर. मी काय केलं ठावं हाय? भाकर टाकली नाय. तशीच खाल्ली."

मी सोलणं थांबवलं. त्यांचा अंगठा चालूच होता.

त्यानंतर बारा वर्षं हेच. मनगट पिळून मोडलं. दोन बरगड्या गेल्या. एकदा पाठीवर तापलेली उलथनी. नवरा दारू पीत नव्हता, हे त्या आवर्जून सांगत. शुद्धीत मारायचा. शेतात गाढवासारखं राबायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यात जे उरेल ते खायचं. बहुतेक दिवस काहीच उरत नसे. माझ्या घरी उरायचं म्हणून मी सुजले आणि त्यांच्या घरी उरायचं नाही म्हणून त्या वाळल्या. बसायचो दोघी शेवटीच.

"मंग एक दिस माझं ताट आधी काढलं. झाकलं. कोयता शेजारी ठिवला. हे आले आन् ताटाला लाथ उचलली. पाय ताटाला लागायच्या आधी कोयता पायाला लागला. दोन बोटं ग्येली."

"बाई गं! मग?"

"मंग काय? टेम्पोत घालून दवाखान्यात मीच नेलं. डबाबी मीच नेला. आधी माझं जेवून." शेंग फाटली. "मेले तव्हा पायाला आठच बोटं व्हती. पर त्या दिसापासनं माझ्या ताटाकडं वाकडं बघितलं नाय."

मी विचारलं, वाईट नाही वाटलं? त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "चांगलं केलं आसं नाय म्हनत, मॅडम. भूक लागलीती."

मुलांनो, त्यांचं कौतुक करा म्हणून हे लिहीत नाही. त्या दिवशी मात्र मी मनातल्या मनात टाळी वाजवली होती. तिथे आम्हा दोघींचंही चुकलं.

हौसाबाईंना एकच मुलगा, संदीप. "पोरगं सोन्यावानी. दारूला शिवत नाय," असं त्या म्हणत. त्याच्या बापाबद्दलही त्या हेच म्हणायच्या, पण तेव्हा ते आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही. सून सविता घोटीची, तिकडच्या भातशेतीवाल्यांच्या घरातली. तिला दिवस गेले तेव्हा हौसाबाईंचा कोयता आठवडाभर नुसता नाचत होता. सातव्या महिन्यात कळलं, सविताच्या अंगात रक्त कमी आहे. "नर्सबाई म्हनली, दर तीन तासाला खायाचं, कुनासाठी थांबायचं नाय." मी त्यांच्याबरोबर खजूर पाठवला.

मग आठ दिवस खांबाखाली पोतं अंथरलं गेलं नाही. नवव्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. हौसाबाई उभ्या होत्या. पाटी नव्हती. उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला. मागे सविता. तिचा एक डोळा अजून काळानिळा, अर्धा मिटलेला, खालच्या ओठावर खपली, कानावरचे रुपयाएवढ्या जागेतले केस मुळापासून उपटलेले. दोन्ही हात पोटाखाली धरून ती उभी होती.

"मॅडम, हिला ठिवा," हौसाबाई म्हणाल्या. मी "या" म्हणायच्या आधीच त्यांनी तिला आत ढकललं होतं.

झालं होतं ते असं. आठ दिवसांपूर्वी भाजी लवकर संपली म्हणून हौसाबाई अकरालाच घरी पोचल्या. संदीपनं सविताला केसांना धरलं होतं आणि तिचं तोंड तो चुलीच्या ओट्यावर आपटत होता. शेजारी ताट पालथं पडलेलं. नर्सबाईंच्या सांगण्याप्रमाणे ती साडेदहाला अर्धी भाकरी आणि पालक घेऊन बसली होती. तो रानातून आला आणि त्यानं ते पाहिलं. त्याच्या आधी!

"कोयता पाटीत व्हता," हौसाबाई सांगत होत्या. "घेतला. वर उचलला. आन् त्याचं तोंड बघितलं, तं बापाचं तोंड. बापाची बोटं तोडली तव्हा हे पोरगं उंबऱ्यात बसून बगत व्हतं. मला वाटायचं, लय मोठा धडा दिला. काय शिकलं ते? आईला हात लावायचा नाय, तिच्याकडं कोयता आसतो. बायकूकडं नसतो."

त्यांनी कोयता टाकला आणि त्या मध्ये पडल्या. फावड्याचा दांडा सविताच्या पाठीत बसायचा तो त्यांच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला, तेव्हा तो थांबला आणि पुन्हा रानात निघून गेला. हौसाबाई आणि सविता दवाखान्यात गेल्या, तिथून नात्यातल्या एका घरी. तिथले लोक आठ दिवस एकच सांगत राहिले, पोरीनं परत जावं, माफी मागावी. म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

त्या संध्याकाळी मी त्यांना दूध दिलं, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "हिचं लगीन झाल्यापासनं दोन वरसं माझं ताट मी आधी काढत व्हते. मंग संदीपचं वाढायचे. सविता आमा दोघांच्या मागनं बसायची. मला दिसत नव्हतं? दिसत व्हतं, मॅडम. माझं पोट भरलेलं व्हतं."

माझ्याकडे भांडी घासायला येणारी बाई आमचं सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानं चहा पीत असे. तेही मला दिसत होतं.

सविता आमच्याकडे तीन दिवस होती. ती आमच्या आधी जेवायला बसेना. हौसाबाई डाव्या हातानं तिचं ताट वाढत आणि समोर बसून राहत. "खा." एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ती जेवत असताना फाटकावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. संदीप होता, आईच्या भाजीच्या जागेवरून घर शोधत आलेला. मोटारसायकल आडवी टाकून हातात गज घेऊन तो फाटक बडवत होता. कडी तुटली. त्यानं आधी आमच्या कारची काच फोडली, मग जास्वंदाच्या कुंड्या एकेक करून. "सवे! भाईर ये! तुझ्या पोटातलं भाईर काढतो!"

सविता ताटावरून अर्धी उठली. हौसाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"बस. ताट संपव."

"आत्याबाई, ते मारतील."

"मारंल तं मला मारंल. तू गिळ."

मी पोलिसांना फोन लावला. पत्ता सांगताना मी इंग्रजीत बोलत होते, हे पलीकडच्या माणसानं सांगितल्यावर कळलं. आजोबा अंगणात गेले. "हे बघ बाळा, आपण शांतपणे बसून बोलू," असं त्यांनी म्हटलेलं मी ऐकलं. त्यानंतर गजाचा आवाज. तुम्हाला आम्ही सांगितलं होतं की आजोबांचा बाथरूममध्ये पाय घसरला आणि कपाळाला सात टाके पडले. ते खोटं होतं.

मी त्यांच्याकडे धावले नाही. मी दारात हौसाबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्या हातात काही नव्हतं. त्यांच्याही नव्हतं.

"आये, बाजूला हो."

"नाय."

"तिला भाईर काढ."

"ती जेवती हाय. तिचं झालं की मंग इच्यार तिला, यायचं का."

"तुझं डोकं फोडीन!"

"फोड. एक हात बापानं मोडला, एक तू मोडला. डोकंच राह्यलंय."

त्यानं गज उचलला. आमच्या मागे, स्वयंपाकघरात सविता हुंदके देत होती आणि चावत होती. वाटीत चमचा लागल्याचा आवाज येत होता. तो आवाज त्यालाही ऐकू आला. त्याच्या तोंडावर जे उमटलं ते मी अजून विसरलेले नाही. त्याला जणू कुणी भर रस्त्यात थोबाडीत मारली होती. गज खाली आला तो हौसाबाईंच्या खांद्यावर. त्या गुडघ्यांवर बसल्या, पण चौकटीत आडव्याच बसल्या. दुसरा घाव चौकटीवर, तिसरा दाराच्या काचेवर. तोवर शेजारचे चौघे धावत आले आणि त्यांनी त्याला मागून मिठी घालून पाडलं. पोलीस आले तेव्हा तो आमच्या अंगणात मातीत तोंड खुपसून रडत होता. आत सविताचं ताट रिकामं होतं.

चौकीत एक हवालदार म्हणाले, "मावशी, पोटचा पोरगा आहे. घरातल्या घरात मिटवा."

"लिव्हा," हौसाबाई म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. ओटा, केस, फावडं, गज. शेवटी म्हणाल्या, "आन् हेबी लिव्हा, ह्याच्या बापाची बोटं मी तोडलीती. ह्यानं ते बघितलंय."

"ते कशाला, मावशी? जुनी गोष्ट."

"त्याबिगर हे समजायचं नाय."

हवालदारांनी लिहिलं. हौसाबाईंनी डाव्या हाताचा अंगठा उमटवला. त्यानंतर त्या गावी परतल्या नाहीत. रान खंडानं दुसऱ्याला कसायला दिलं आणि सविताबरोबर घोटीला गेल्या. तिथल्या घरातही पुरुषांची पंगत आधी बसे. "म्हनून तर जाते," एवढंच त्या म्हणाल्या. सविताला मुलगी झाली, अडीच किलोची, ठणठणीत. गेल्या वर्षी हौसाबाई घोटीतच वारल्या. मला निरोप दोन दिवसांनी मिळाला, म्हणून शेवटचं दर्शन झालं नाही. माझ्या आठवणीतली शेवटची भेट चौकीच्या पायऱ्यांवरची.

जबाब संपवून आम्ही बाहेर आलो होतो. सविता रिक्षात बसली होती. आजोबांना शेजाऱ्यांनी टाके घालायला नेलं होतं. हौसाबाई दुसऱ्या पायरीवर थांबल्या. चौकीच्या आत संदीपचा आवाज चढला आणि एकदम बंद झाला. त्या वळून पाहीनात, नुसत्या उभ्या राहिल्या.

"मॅडम, तुमाला ठावं आसंल. आत जेवाय देत्यात का त्याला?"

"देतात."

"पोटभर?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. मी "हो" म्हटलं. त्यांनी मान हलवली, भिंतीला डावा हात टेकला आणि एकेक पायरी उतरून सविताशेजारी जाऊन बसल्या.